उजव्या हाताचं कुंपण

थोरा हॉगलँडच्या गाई पहिल्यांदा रस्त्यावर आल्या तेव्हा कोणी काही बोललं नाही. गाई आहेत, सुटायच्याच. दुसऱ्यांदा सुटल्या तेव्हा आल्विन, म्हणजे माझे यजमान, कुंपण बघून आले आणि जेवायला बसताना नुसतं एवढंच म्हणाले, "गाई खिळे उपटत नाहीत."

या एका वाक्यावर आमच्या टाउनशिपचा, म्हणजे शेतांच्या पंचक्रोशीचा, अख्खा उन्हाळा गेला.

आमच्याकडे दोन शेतांमधलं कुंपण दोघा शेजाऱ्यांचं असतं. दोघांनी कुंपणाच्या मध्यावर जायचं, तारेच्या अलीकडे-पलीकडे समोरासमोर उभं राहायचं, आणि ज्याच्या उजव्या हाताला जेवढं येईल तेवढं त्यानं सांभाळायचं. लिहून ठेवावं लागत नाही. माणूस मेला, शेत विकलं गेलं, तरी उजवा हात कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यातूनही वाद झालाच तर टाउनशिपचे तीन पंच येऊन कुंपण बघतात आणि दोष कोणाचा ते सांगतात. त्या वर्षी आल्विन पंच होते.

थोरा मावशीच्या उजव्या हाताला ओढ्याकडचा अर्धा भाग यायचा. रस्त्याकडचा अर्धा वेन्सिल कुबिकचा. आणि खिळे उपटलेले सापडत ते दर वेळी वेन्सिलच्या भागात. दोन खांबांवरचे खिळे काढलेले, काटेरी तार खाली जमिनीवर, तिच्यावर दगड. गाई त्यावरून निवांत चालत जायच्या, वेन्सिलचं कापलेलं गवताचं रान ओलांडायच्या आणि कोपऱ्यावरच्या खडीच्या रस्त्यावर, जिथून दुधाची गाडी जाते, टपालवाला जातो, सगळं गाव जातं, तिथं येऊन उभ्या राहायच्या.

वेन्सिल बोहेमियन, म्हणजे बोहेमियातून आलेल्या चेक लोकांतला. कॅथलिक. आमच्या काउंटीत हे सांगितलं की बाकीचं सांगावं लागत नाही. मिंक ओढ्याच्या पूर्वेला आम्ही नॉर्वेजियन, आमचं पांढरं लुथेरन चर्च; पश्चिमेला बोहेमियन, त्यांचं विटांचं चर्च, त्यांचं नाचघर, त्यांचे रविवारचे बँडबाजे. रेल्वेच्या उत्तरेला जर्मन. ते कोणाच्यातच नाहीत. धान्य घालायला सगळे एकाच ठिकाणी जातात, पण गाडीच्या रांगेतसुद्धा आपापल्या माणसाच्या मागे उभे राहतात. वेन्सिल ओढा ओलांडून अलीकडे आला तो आमच्या चर्चच्या मंडळीच्याच जमिनीवर. निपुत्रिक म्हाताऱ्या ओस्टबीनं मरताना आपलं शेत चर्चला दिलं होतं. ते खंडानं करायला आमच्यातला कोणी पुढे आला नाही, तेव्हा मान हलवत हलवत चर्चच्या समितीनं ते वेन्सिलला दिलं. करार मार्च ते मार्च.

"झऱ्यावर डोळा आहे त्याचा," इंगा म्हणाली. इंगा म्हणजे सेल्मर लोकनची बायको; सेल्मर पंचही आणि चर्चच्या समितीचा प्रमुखही. आम्ही बायका चर्चच्या तळघरात मिशनसाठी गोधडी शिवत होतो. "थोराच्या कुरणातला झरा दुष्काळातसुद्धा आटत नाही. गाई सारख्या सोडायच्या, म्हातारी कंटाळली की कुरण विकेल. मग हा घेईल."

"दिवसासुद्धा पडदे ओढलेले असतात त्यांच्याकडे," दुसरी कोणी म्हणाली.

"म्हणजे काहीतरी असणारच."

"पडदे उघडे असते तर म्हणाली असतीस, बघा कसे निर्लज्ज आहेत," थोरा मावशी मान वर न करता म्हणाली आणि दोरा दातानं तोडला.

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या वेळी मला वाटलं, किती मोठ्या मनाची बाई आहे, जो हिच्या गाई सोडतो त्याचीच बाजू घेते.

मी तिला मावशी म्हणते कारण माझ्या बाप्तिस्म्याला तिनंच मला हातावर धरलं होतं. उंच, हाडकुळी, डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी. उपासनेत गाताना ती नेहमी ऑर्गनच्या अर्धी मात्रा पुढे असायची, आणि ऑर्गन वाजवणारी शेवटी तिच्यामागे धावायची. नवरा, नील्स, गेल्यावर शेत भाड्यानं दिलं, पण कुरण आणि गाई स्वतःकडे ठेवल्या. मुलगा कार्स्टन सिएटलला विमानाच्या कारखान्यात. नाताळला त्याचं कार्ड येतं, त्यावर छापलेल्या मजकुराखाली नुसतं नाव.

तिचं घर पूर्वी रस्त्यावर होतं. घर हललं नाही, रस्ता हलला. तिच्या दारावरून जाणारा रस्ता पुढे ओढ्यावरच्या लोखंडी पुलावरून पलीकडे बोहेमियनांच्या गिरणीकडे जायचा. त्या काळी दुधाची साय गोळा करणारी गाडी, फेरीवाला, गिरणीला जाणारे, सगळे तिच्या पंपावर थांबून पाणी प्यायचे, आणि पाण्याबरोबर काही ना काही खायला मिळायचंच. मग एका वसंतातल्या पुरात पूल वाहून गेला. काउंटीच्या मंडळानं सांगितलं, पलीकडचे अलीकडे येत नाहीत, अलीकडचे पलीकडे जात नाहीत, पूल बांधायचा कोणासाठी? रस्त्याच्या टोकाला फळ्या ठोकल्या. फळ्यांमागे आता माणसाएवढं गवत. टपालपेटीसुद्धा कोपऱ्यावर नेली. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एकच घर दिसायचं, कुबिकचं, आणि तिथं ती जात नव्हती, कारण आमच्यातलं कोणीच जात नव्हतं.

तशीही आमच्यात उगाच कोणी कोणाकडे जात नाही. विशेषतः उन्हाळ्यात. काम असेल तर जायचं. पण गाई सुटल्या की ते काम असतं. मग हातातलं टाकून सगळे धावतात, आणि गाई आत घातल्या की त्या घरी कॉफी प्यायची, हे ओघानं आलंच.

जुलैत पुन्हा गाई सुटल्या. आमच्या सगळ्यांच्या सामायिक लाइनवर फोनची लांब घंटा वाजली, म्हणजे सगळ्यांनी उचलायचा. फोनवर कोणीतरी ओरडलं, "थोराच्या गाई!" आम्ही निघालो. लोकन नवरा-बायको आले, तिसरे पंच पीडर निगार्ड आले, दुधाच्या गाडीवाला गाडी तशीच टाकून उतरला. वेन्सिल आधीच काठी घेऊन रस्त्यात उभा होता, तोंडानं शीळ घालत गाईंना वळवत होता. त्याची बायको लिबी एप्रन झाडत दुसऱ्या बाजूनं. गाई आत गेल्या. वेन्सिलनं खिशातून हातोडी काढली आणि खिळे परत ठोकायला लागला.

"हातोडी खिशातच असते वाटतं," सेल्मर मोठ्यानं म्हणाला.

"आता ठेवतो," वेन्सिल म्हणाला. "सारखी लागते."

"लागेल असं आधीच ठाऊक असतं का?"

वेन्सिलनं एक खिळा तोंडात धरला होता. तो तसाच ठेवून त्यानं सेल्मरकडे बघितलं, मग वाकून ठोकत राहिला. कॉफीला तो आणि लिबी आले नाहीत. त्यांना कोणी या म्हटलंही नाही.

थोरा मावशीच्या स्वयंपाकघरात शिरले आणि माझं पाऊल उंबऱ्यातच अडलं. शेगडीवर चर्चच्या जेवणावळीला लागते तसली मोठी निळी किटली, आमच्या रीतीप्रमाणे आत अंडं फेटून घातलेली कॉफी उकळून, निवळून तयार. टेबलावर कप मांडलेले. आणि मधोमध ताटात क्रुमकाकेचा डोंगर.

क्रुमकाके आम्ही नाताळला करतो. लोखंडी साच्यात एका वेळी एकच पातळ पापुद्रा भाजायचा, बोटं पोळत असतानाच लाकडी शंकूवर गुंडाळायचा, की दुसरा. ताटभर करायला सकाळ जाते. जुलैच्या उकाड्यात, चूल पेटवून, एकट्या बाईनं?

"वा, थोरा!" पीडरनं दोन उचलले. "नाताळ लवकर आला म्हणायचा."

"अंडी फार झाली होती," मावशी म्हणाली.

पुरुष खात राहिले. कपात साखर किती, गहू कसा, पाऊस पडणार का. मावशीच्या गालांवर लाली आली होती, ती या कपातून त्या कपात ओतत होती, सेल्मरला टोमणे मारत होती, "तुझी टोपी माझ्या गाईंनी खाल्ली असती तरी त्यांना पोषण मिळालं नसतं." सगळे हसत होते. मी भांडी विसळताना हिशेब घालत होते. फोनची घंटा वाजल्यापासून आम्ही इथं येईपर्यंत फार तर किटलीतलं पाणी उकळलं असतं. पण क्रुमकाके? ते सकाळपासून चाललेलं. म्हणजे गाई सुटण्याच्या आधी, पाहुणे येणार हे हिला ठाऊक होतं.

वाईट विचार मनात येऊ देऊ नये असं शास्त्र सांगतं. पण साचा ओट्यावर होता आणि हात लावला तर अजून कोमट होता.

परत येताना गाडीत आल्विन म्हणाले, "सेल्मर ऐकत नाही. शुक्रवारी पंच कुंपण बघणार. दोष वेन्सिलवर आला तर समिती मार्चला त्याचा करार संपवणार. सेल्मर म्हणतो, मंडळीच्या जमिनीवर असला माणूस नको."

"आणि नसेल त्याचा दोष?"

"कुंपण त्याच्या उजव्या हाताचं आहे," आल्विन म्हणाले. एवढ्यावर आमच्याकडे कोणाचाही विचार थांबतो. माझाही थांबला असता, पण मी ते ताट बघितलं होतं.

त्यांना मी काही सांगितलं नाही. संशय तो संशय. आणि जिनं मला देवाच्या दारात हातावर धरलं तिच्यावर? शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा मला पाठ आहे. गप्प राहणं ही साक्ष धरायची की नाही, ते तिथं लिहिलेलं नाही.

गुरुवारी मी मावशीकडे गेले. ती अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती.

"काय गं, आज काय काम काढलंस?"

"क्रुमकाकेचा साचा हवा होता."

"जुलैत?"

"तुम्हाला चालतं, मला का चालू नये?"

तिचा हात दाण्यांच्या भांड्यात थांबला. मग तिनं राहिलेले दाणे एकदम उधळले. "आत ये."

आत आल्यावर तिनं दार लावून घेतलं. आजूबाजूला ऐकायला कोण होतं, देव जाणे. "कोणाला बोललीस?"

"कोणाला नाही."

"आल्विनलाही नाही?"

"नाही."

"मग बायको कसली तू," मावशी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "माझ्या स्वयंपाकघरात येऊन माझं खाऊन माझ्यावरच पाळत ठेवतेस. तुझी आई अशी नव्हती."

"मावशी, त्या माणसाचं घर जाईल."

"काही जात नाही. तीन पुरुष एक दुपार कुंपणापाशी उभे राहतील, तारेला हात लावून बघतील, जमिनीवर थुंकतील आणि कॉफी प्यायला येतील."

"सेल्मर सोडणार नाही."

"सेल्मर लहानपणी माझ्या सफरचंदाच्या झाडावरून पडला तेव्हा त्याची चड्डी मी शिवली आहे. मला सेल्मरचं सांगू नकोस."

"मग त्याला सांगा, खिळे कोणी काढले ते."

तिनं माझ्याकडे बघितलं, डोळे अगदी बारीक करून. "मी काढले असं तू कुठं म्हणालीस? तू तर साचा मागायला आलीस. साचा घे आणि जा. दुसरं काही असेल तर पुरावा आण."

मी साचा घेतला. दारातून म्हटलं, "उद्या मी पण येणार आहे कुंपणावर."

"ये. केक आण," ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी आम्ही सगळे कुंपणाच्या मध्यावर जमलो. आल्विन, सेल्मर, पीडर. तारेच्या पलीकडे वेन्सिल, स्वच्छ धुतलेल्या शर्टात, चर्चला निघाल्यासारखा, आणि त्याच्या मागे लिबी, हाताची घडी घालून. थोरा मावशी अजून आली नव्हती. माझ्या हातात केकचं भांडं, ते कुठं ठेवावं कळेना.

सेल्मरनं सुरुवात केली. "हा मध्य. वेन्सिल, इथून रस्त्यापर्यंत तुझं. मान्य?"

"मान्य."

"खिळे दर वेळी तुझ्या भागात निघतात."

"दर वेळी मी परत ठोकले. कोणी ठोकले, ते विचारलंत का कधी?"

"काढले कोणी, ते विचारतोय."

"मी नाही."

"मग कोणी? गाईंनी?"

वेन्सिलची मान लाल झाली. लिबी त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटली, त्यानं हातानं तिला थांबवलं. "नवीन तार घालायला सांगा, घालतो. नवीन खांब सांगा, तेही घालतो. पण मी काढले असं म्हणून घालणार नाही."

सेल्मरनं पीडरकडे बघितलं, पीडरनं आल्विनकडे. आता निकाल सांगणार, एवढ्यात कुरणाच्या वरच्या अंगानं थोरा मावशी येताना दिसली. नील्सची टोपी, निळा एप्रन, लांब ढांगा.

ती दिसली आणि झऱ्यापाशी बसलेल्या तिच्या गाई उठल्या. आधी एका शिंगाची म्होरकी, मग बाकीच्या. मावशी आमच्याकडे येत होती, पण गाई आमच्याकडे आल्या नाहीत. त्या जवळजवळ धावतच खाली उतरल्या, रस्त्याच्या बाजूला, आणि वेन्सिलच्या भागातल्या त्या दोन खांबांपाशी जाऊन एकीमागे एक उभ्या राहिल्या. माना वर, कान पुढे. म्होरकीनं तारेवर हनुवटी टेकवली आणि मावशीच्या एप्रनकडे बघून हंबरली.

मावशी अर्ध्या वाटेत थांबली.

तिथं उभा असलेला प्रत्येक माणूस जन्मभर गाई राखलेला. गाय रांग लावते ती जिथं काही मिळतं तिथंच, आणि देणाऱ्याला बघूनच. पीडरनं नाक खाजवलं. आल्विननी माझ्याकडे बघितलं, आणि मी केककडे.

"मक्याची कणसं, ना?" शेवटी पीडर म्हणाला. हळूच, आजारी माणसाला विचारावं तसं.

मावशी चालत आली. अगदी तारेपाशी आली. "कणसंच. एप्रनमधून," ती म्हणाली. "त्याशिवाय पहिली गाय तार ओलांडत नाही. मीच काढले खिळे. आता लिहा काय लिहायचं ते, आणि चला, कॉफी गार होतेय."

"पण का, थोरा?" सेल्मरनं विचारलं.

"तू माझ्या घरी शेवटचा कधी आला होतास?"

"गेल्या आठवड्यात. गाई सुटल्या तेव्हा."

"त्याच्या आधी?"

"... गाई सुटल्या तेव्हा."

"त्याच्या आधी?"

सेल्मरनं टोपी काढली आणि आत काही लिहिलेलं असावं तशी बघत बसला.

"माझ्या भागातले काढले असते तर गाई ओढ्याकडे गेल्या असत्या," मावशी म्हणाली, एखादी पाककृती सांगावी तशी. "ओढ्यावर बघायला कोण आहे?"

मग ती वेन्सिलकडे वळली. काहीतरी बोलणार होती. तिचे ओठ हललेले मी बघितले. पण आधी तोच बोलला.

"म्हणजे माझ्याविरुद्ध काही नाही?"

"काही नाही," आल्विन म्हणाले. "तसं लिहू आम्ही."

"उन्हाळाभर होतं," वेन्सिल म्हणाला. लिबीला मानेनं खूण केली आणि दोघं कापलेल्या गवतातून घराकडे निघून गेले. कॉफीला त्या दिवशी आम्ही गेलो. कपांचा तेवढा आवाज होत होता.

शरद ऋतूत वेन्सिलनं आपला अख्खा भाग उखडला. ओकचे नवे खांब, खाली जाळीची तार, वर काटेरी, कोपऱ्याला आडवे टेकू. पंचांनी सांगितलं नव्हतं. चर्चनंही नाही. मग पुन्हा कुजबुज सुरू झाली. भाड्याच्या जमिनीवर एवढं कोण करतं? म्हणजे विकत घ्यायची असणार. म्हणजे चर्चच्या पाळकसाहेबांना आतून पटवलं असणार. इंगाला तर खात्री होती. मी त्यात भर घातली नाही, पण खरं सांगायचं तर त्याच्या खांबांकडे बघत गाडी हळू करणाऱ्यांत मीही होते.

समितीनं करार वाढवून द्यायचं ठरवलं. एकमतानं, सेल्मरनंच सुचवलं. आल्विन आणि पाळकसाहेब सांगायला गेले. वेन्सिलनं दारातच ऐकून घेतलं आणि आभार मानले. म्हणाला, ओढ्यापलीकडे लिबीच्या चुलत्याचं शेत मिळालंय, मार्चला जातोय.

"मग कुंपण कशाला घातलंस एवढं?" आल्विननी न राहवून विचारलं.

"माझ्यामागून येणाऱ्यानं म्हणू नये, बोहेमियन माणूस वाईट कुंपण टाकून गेला," तो म्हणाला.

मार्चच्या पहिल्या तारखेला आमच्या काउंटीतले सगळे खंडकरी घरं बदलतात. रस्त्यावर गाड्यांवर गाद्या, चुली, पिंजऱ्यातल्या कोंबड्या. शेजाऱ्यांनी हात लावायला जायचं ही रीत. आम्ही गेलो, पण लिबीनं सगळं आधीच बांधून ठेवलं होतं. उचलायला फक्त कपाट राहिलं होतं. थोरा मावशी चिखलातून चालत आली. गाडीपाशी उभी राहिली.

"कुंपण चांगलं झालंय," ती वेन्सिलला म्हणाली.

"मध्यापर्यंत," तो म्हणाला. "पुढचं तुमचं."

त्यानं दोर आवळला, गाडीत बसला. पूल नसल्यामुळे त्यांना लांबून, रेल्वेच्या बाजूनं वळसा घालून जावं लागणार होतं. गाडी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत मावशी तिथंच उभी होती.

जमीन रेल्वेच्या उत्तरेकडच्या एका जर्मन शेतकऱ्यानं घेतली. मोठा ट्रॅक्टर घेऊन येतो, नांगरून जातो. घराची त्याला गरज नाही. घराला समितीनं कुलूप लावलं. संध्याकाळी मावशीच्या खिडकीतून आता तिकडे दिवाही दिसत नाही.

मी अधूनमधून जाते. जायला काम लागतं, म्हणून काही ना काही परत करायला किंवा मागायला जाते. परवा गेले तेव्हा ती खिडकीपाशी बसली होती. काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, "गाई कशा आहेत मावशी?"

"त्यांना काय झालंय," ती म्हणाली. "आतच आहेत."